मालमोटारीवर जाणारी मुले

वडीगोद्रीचा फाटा तुमच्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा असेल. जालन्याहून अंबडवरून येणारा रस्ता इथे धुळे-सोलापूर महामार्गाला येऊन मिळतो. ह्या महामार्गाला पूर्वी २११ नंबर होता, आता ५२ आहे. उसाचा हंगाम सुरू झाला, की अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या, जालन्याहून आलेल्या लोखंडी सळयांच्या गाड्या, कापसाच्या गाठी, मोसंबीचे क्रेट भरलेले टेम्पो, असा सगळा माल ह्या फाट्यावरून पुढे सरकत असतो. शाळा सुटली की मुले घरी जाण्याआधी घटकाभर तिथे रेंगाळतात. कोणती गाडी दहा चाकी, कोणती बारा चाकी, कोणत्या गाडीचा भोंगा कसा वाजतो, हे त्यांना तोंडपाठ असते. पाढे तितके नसतात.

मी ह्याच भागातल्या एका शाळेत पुष्कळ वर्षे शिकवले. आठवीच्या वर्गाला मी दरसाल एक ठरावीक प्रश्न विचारीत असे: मोठेपणी तुम्ही कोण होणार? वर्गात उत्तरे येत ती कलेक्टर, डॉक्टर, फौजदार अशी. मधल्या सुट्टीत मात्र एखादा जवळ येऊन हळूच म्हणे, "गुरुजी, मी तर ड्रायव्हर होणार हाय." बाकीची मुले हसत. खरे सांगायचे तर मीही हसत असे. कलेक्टर होणार म्हणणाऱ्याला मी पुस्तके आणून दिली, परीक्षांची माहिती काढून दिली. ड्रायव्हर होणार म्हणणाऱ्याला काय दिले? काही नाही. आणि हिशेब केला तर माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत कलेक्टर एकही झाला नाही. स्टेअरिंगवर मात्र बरेच जण बसले. आजचे माझे बोलणे त्या मुलांसाठी आहे, त्यांच्या आईवडिलांसाठी आहे, आणि माझ्यासारख्या हसणाऱ्या गुरुजींसाठीही आहे.

एका मुलाची हकीगत सांगतो. नाव सांगत नाही, कारण तो अजून ह्याच रस्त्यावर गाडी चालवतो. २०१२-१३ सालच्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, हे तुम्हाला आठवत असेल. ह्याच्या वडिलांची दीड एकराची बाग त्यात गेली. झाडे सरपणाच्या भावाने विकली आणि घरातली माणसे ऊसतोडीला गेली. पोरगा तेव्हा सातवीत होता. सातवीची परीक्षा त्याने कशीबशी दिली. आठवीत नाव लागले, पण दिवाळीनंतर तो वर्गात दिसला नाही. त्याला आठवीपर्यंत शाळेत राखणे हे कायद्याने आमचे काम होते. मी एकदा त्यांच्या वस्तीवर जाऊन आलो. दाराला कुलूप होते. परत आलो, आणि पुन्हा गेलो नाही. पुढे कळले की तो एका मालमोटारीवर क्लीनर म्हणून, आपल्याकडच्या बोलण्यात किन्नर म्हणून, चढला आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. वीस वर्षांचा झाला होता. अंगाने भरलेला, हाताला ग्रीसचा वास. मोठ्या गाडीचे लायसन काढायचे होते, आणि मालवाहू गाडीच्या परवान्याला त्या वेळी आठवी पासची अट होती.

"गुरुजी, आठवीचा दाखला पाहिजे. सही करायला काय जातंय तुमचं? गाडी काय पुस्तकावर चालती का?"

मी नाही म्हणालो. खोटा दाखला देणे हा गुन्हा आहे आणि आजही मी तो देणार नाही. पण नाही म्हणून मी त्याला तसाच दारातून परत पाठवले, हे माझे चुकले. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते, एवढे सांगायला दोन मिनिटे लागली असती. मी सांगितले नाही. तो रागाने गेला. गंमत अशी, की त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारने आठवीची अट काढूनच टाकली. पण त्याआधी व्हायचे ते होऊन गेले होते. ते पुढे सांगतो.

आज तुमच्या घरातल्या मुलाला ह्या धंद्यात जायचे असेल, तर कायद्याची वाट कशी आहे ती आधी पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर हलक्या मोटारगाडीचा, म्हणजे जीप-कारचा, परवाना काढता येतो. त्याच्या आधी शिकाऊ परवाना. तो सहा महिने चालतो, आणि तो हातात आल्यावर निदान तीस दिवस गेल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. मोठ्या मालगाडीसाठी मात्र वय वीस पाहिजे आणि हलक्या गाडीचा परवाना निदान एक वर्षाचा जुना पाहिजे. ही मधली दोन वर्षे पुष्कळांना फुकट वाटतात. ती फुकट नाहीत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले आहे, की ज्या मालवाहू गाडीचे भरल्या मालासकट वजन साडेसात हजार किलोपर्यंत असते, ती हलक्या गाडीच्या परवान्यावर चालवता येते. म्हणजे मोसंबीचा छोटा टेम्पो जालन्याच्या बाजारात न्यायला अठराव्या वर्षी परवाना पुरतो. दोन वर्षे हात लहान गाडीवर बसवावा आणि मग मोठ्या गाडीकडे जावे.

अठराच्या आतले मूल? त्याला गाडी द्यायचीच नाही. शेतातल्या ट्रॅक्टरवर सराव झाला म्हणून बाप त्याला रस्त्यावर सोडतो आणि कौतुकाने बघत उभा राहतो. हे आपल्याकडे रोज दिसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाकडून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत शिकाऊ परवानासुद्धा मिळत नाही. ज्याला ह्याच धंद्यावर पोट भरायचे आहे, त्याची ऐन उमेदीची सात-आठ वर्षे अशी जातात. शिक्षकांनी ही एक गोष्ट जरी वर्गात सांगितली तरी पुष्कळ काम होईल.

गोदाकाठच्या गावांत रात्रीच्या वाळूच्या गाड्यांवर जी पोरे बसतात, त्यांच्याविषयीही एक शब्द बोलतो. एका रात्रीत हातावर नोटा पडतात, कोणी कागद विचारीत नाही, हे खरे. पण तिथे मुलगा काय शिकतो? दिवे बंद करून गाडी कशी पळवायची आणि समोर माणूस दिसला तरी थांबायचे कसे नाही, हे शिकतो. असा शिकलेला हात पुढे सुधारणे फार अवघड जाते.

आता शिक्षणाकडे येऊ. मोठ्या गाडीच्या परवान्याला मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागते; त्याला 'नमुना ५' म्हणतात. डॉक्टरचा तपासणीचा दाखला लागतो, त्यात डोळे आणि कान पाहतात. नियमाप्रमाणे मोठ्या गाडीचे शिक्षण तीस दिवसांपेक्षा कमी असू नये. त्या अभ्यासक्रमात नुसते चाक फिरवणे नाही. रस्त्यावरच्या खुणा आहेत, गाडीची निगा आहे, आग लागल्यास काय करावे ते आहे, प्रथमोपचार आहे, आणि लोकांशी कसे वागावे हाही एक स्वतंत्र भाग आहे. हे वाचून मला जरा हसू आले होते, पण टोलनाक्यावर अर्धा तास उभे राहून पाहिल्यावर पटले. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची नवी योजना आली. तिच्यात मोठ्या गाडीसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचे शिक्षण ठरवले आहे. परवाना निघाला की तो पाच वर्षे चालतो, मग नवा करून घ्यायचा.

ह्या वाटेवर एक माणूस हमखास भेटतो. तो म्हणतो, तीस दिवस कशाला येता? पैसे द्या, प्रमाणपत्र घरपोच घ्या. आपल्या माणसाला वाटते, पोरगा चार वर्षे गाडीवरच आहे, त्याला काय शिकवायचे राहिले आहे? इथेच मी त्या मुलाची राहिलेली गोष्ट सांगतो.

तो ज्या वस्तादाच्या हाताखाली होता तो माणूस वाईट नव्हता. पोराला पोटभर जेवू घाली, घरी पैसे पाठवी. ताडपत्री कशी ताणायची, दोरी कुठे अडकवायची, टायरवर लोखंडी टॉमी मारून आवाजावरून हवा कशी ओळखायची, हे सगळे त्याने शिकवले. ही विद्या पुस्तकात मिळत नाही आणि तिला मी कमी लेखणार नाही. पण त्याच वस्तादाने आणखीही एक गोष्ट शिकवली होती. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, म्हणजे डिझेल वाचते. पोराने चांगले आणि वाईट दोन्ही सारख्याच श्रद्धेने घेतले. कोणते का करायचे, हे वस्तादाने कधी सांगितले नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. त्यालाही त्याच्या वस्तादाने असेच शिकवले असणार.

माझ्याकडून गेल्यानंतर तीन महिन्यांनी, मे महिन्यात, ते दोघे सोलापूरकडून सिमेंट भरून येत होते. मांजरसुंब्याच्या अलीकडे वस्तादाला झोप अनावर झाली. त्याने स्टेअरिंग पोराच्या हाती दिले आणि तो मागे आडवा झाला. परवाना नव्हताच. बीडकडचा घाट उतरायला लागल्यावर पोराने शिकवल्याप्रमाणे गाडी न्यूट्रल केली.

शेतकरी बंधूंनो, हे तुम्हाला यंत्राच्या भाषेत सांगण्यापेक्षा बैलगाडीच्या भाषेत सांगतो. भरली गाडी उतारावर आली की बैल काय करतात? मागे रेटून, खूर रोवून गाडी अडवून धरतात. गाडी त्यांना पुढे ढकलीत असते आणि ते तिला मागे धरीत असतात. मोटारीत हे बैलांचे काम इंजिन करते. खालच्या गिअरमध्ये गाडी असली की चाके इंजिनाला फिरवायला बघतात आणि इंजिन त्यांना सहजासहजी फिरू देत नाही. त्यामुळे गाडी आपोआप धरली जाते. न्यूट्रल करणे म्हणजे ऐन उतारावर जुवातून बैल सोडून देणे. मग सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक म्हणजे तरी काय? चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमाला आतून घासणारे पट्टे. घासले की तापतात. फार तापले की त्यांची पकड जाते, पाय कितीही दाबा. शिवाय मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर भरतो. घाबरून पाय पुन्हा पुन्हा मारला की टाकीतली हवा खर्च होत जाते. आणि कोणी डिझेल वाचवायला इंजिनच बंद केले, तर हवा भरणे थांबते आणि स्टेअरिंगही जड होऊन बसते.

आणि ज्यासाठी हे सगळे करायचे, ते डिझेल तरी वाचते का? आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला इंधन जाणेच थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते डिझेल जळतच राहते. म्हणजे जीव धोक्यात घालून वाचवलेले डिझेल वाचलेलेच नसते.

त्या रात्री पट्टे तापले, धूर आला, ब्रेक धरीना. एवढे खरे, की पोराने डोके शाबूत ठेवले. दरीच्या बाजूला जाऊ न देता त्याने गाडी डोंगराच्या अंगावर घातली. समोरून कोणी आले नाही हे नशीब. केबिन चेपली, त्याचा उजवा पाय मांडीत मोडला आणि झोपलेल्या वस्तादाचे दोन दात गेले व खांदा निखळला. गाडीच्या नुकसानीचे पैसे विमा कंपनीने दिले नाहीत, कारण चालवणाऱ्याकडे त्या गाडीचा परवाना नव्हता. कोणी तिसरा माणूस दगावला असता तर त्याच्या घरच्यांना कंपनीने भरपाई दिली असती आणि मग ती मालकाकडून वसूल केली असती. मालकाची ती एकच गाडी होती. ती कर्जावर होती.

मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो ओसरीत पाय वर बांधून पडला होता. मला वाटले, दाखल्याचे काही बोलेल. तो म्हणाला, "गुरुजी, मला कोणी सांगितलं आसतं ना, की गिअर कामून ठेवायचा, तर म्या न्यूट्रल केलंच नसतं." त्याच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतःच दिले होते, पण ते त्याला दाखवून देण्याची ती वेळ नव्हती.

हेच मला सांगायचे आहे. गाडीवर काढलेली चार वर्षे हाताला सवय देतात. त्या सवयींतली कोणती ठेवायची आणि कोणती टाकायची, हे कळायला कोणीतरी कारणासकट शिकवावे लागते. तीस दिवसांत दुसरे काही झाले नाही आणि एवढे झाले, तरी ते तीस दिवस कामी आले.

मोठ्या गाडीच्या आणखी दोन-तीन गोष्टी सांगतो. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला त्या ठाऊक असाव्यात. वळणावर मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून कापत येतात. बांधाच्या कोपऱ्यावरून बैलगाडी वळवताना दगडाला चाक लागते ना, तसेच. म्हणून मोठी गाडी आधी बाहेर जाऊन मग वळते, आणि तिच्या व कडेच्या मधल्या जागेत मोटारसायकल घालणारा स्वतःच सापडतो. दुसरी गोष्ट वेगाची. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. समोर शेळी दिसली, डोक्याने 'ब्रेक' म्हटले, पाय तिथे पोहोचला, एवढ्यात सतरा मीटर गेलेले असतात आणि थांबायला अजून सुरुवातच नसते. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबायला चौपट अंतर लागते.

भार बांधण्याची विद्या तर वेगळीच. सळयांच्या गाडीने एकदम ब्रेक मारला तर गाडी थांबते, पण नीट न बांधलेल्या सळया थांबत नाहीत. त्या पुढे सरकतात, आणि पुढे केबिन असते. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा अवघड, कारण आतले पाणी किंवा तेल हेलकावे घेते आणि वळणावर गाडीला ओढते. उसाच्या गाडीची तर गोष्टच नको. रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडलेली, मागे दिवा नाही, लाल परावर्तक पट्टी नाही, अशी ट्रॉली किती घरांचे वाटोळे करते ते तुम्ही पाहिले आहे. गाडी बंद पडली तर मागे बऱ्याच अंतरावर त्रिकोणी फलक ठेवायचा. नुसते दगड मांडायचे आणि निघताना ते तिथेच सोडून द्यायचे, ही पद्धत तर पहिल्यापेक्षा वाईट.

वजनाचे भांडण नव्या चालकाच्या वाट्याला पहिल्याच महिन्यात येते. २०१८ साली सरकारने गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. दहा चाकी गाडीला पूर्वी मालासकट २५ टन चालत, ते साडेअठ्ठावीस झाले. मालक म्हणतो, अजून पाच टन टाक, काही होत नाही. जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, असे २०१९ पासून आहे. पण दंड मालक भरील. उतारावर तो पाच टनांचा रेटा चालकाच्या पाठीशी असतो. नवख्याला 'नाही' म्हणणे सोपे नाही, हे मी जाणतो. काट्याची पावती हातात असल्याशिवाय गाडी हलवायची नाही, एवढा एक नियम त्याने पहिल्या दिवसापासून ठेवला, तर पुढचे बोलणे जरा सोपे जाते.

झोपेचेही तेच. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली जो कायदा झाला, त्यानेच दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवले होते, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. साठ वर्षांहून जास्त झाली. फाट्यावरच्या धाब्यावर रात्री एक वाजता बसून विचारा, आज किती तास झाले? तो हसेल. चहा, तंबाखू, डोळ्यांवर पाणी, ह्यांनी झोप थोडी लांबते, जात नाही. झोपेला उपाय एकच, गाडी रस्त्याबाहेर सुरक्षित जागी लावून झोपणे. २०२५ सालापासून बनणाऱ्या नव्या मालमोटारींना थंड हवेची केबिन सक्तीची झाली आहे. मराठवाड्याच्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून ज्याने गाडी चालवली आहे त्यालाच त्याचे मोल कळेल. जुन्या गाड्या मात्र अजून वर्षानुवर्षे धावतील.

अपघात झाला तर? कायदा सांगतो, जखमीला औषधोपचार मिळवून द्यावा आणि पोलिसांना कळवावे. जमाव चवताळला असेल आणि थांबणे शक्य नसेल, तर त्याची दखल त्याच कायद्याने घेतली आहे. पण मग लगेच जवळच्या ठाण्यात जायचे, घरी पळायचे नाही. जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या चालकांनी संप केला होता तो ह्याच विषयावर. नव्या भारतीय न्याय संहितेत न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे कलम होते. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम लागू न करता बाजूला ठेवले गेले. चालकांची भीती खोटी नव्हती, आणि रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या घरच्यांचे दुःखही खोटे नव्हते. म्हणून प्रथमोपचाराचा तास कंटाळवाणा म्हणून टाळू नये, असे मी मुलांना सांगतो.

मुलींविषयी मला एका बाईंनी विचारले होते. राज्याच्या एसटीत २०२३ साली महिला चालक बस घेऊन रस्त्यावर आल्या. परवान्याच्या कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. धाब्यावर रात्री सुरक्षित झोपायला जागा आणि न्हाणीघर, ही खरी अडचण आहे, आणि ती कायद्याने नव्हे, आपणच दूर करायची आहे.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. पाय जुळायला सहा महिने लागले, मग टाळेबंदी आली. २०२१ साली त्याने रीतसर नाव घातले आणि तीस दिवस पुरे केले. पहिल्या आठवड्यात त्याला लाज वाटे. बरोबरची पोरे नवखी, आणि हा चार-पाच वर्षे गाडीवर राहिलेला. शिकवणाऱ्याने त्याला आरशात काय दिसते आणि काय दिसत नाही ते कागदावर काढून दाखवले, तेव्हा म्हणे तो गप्प झाला.

गेल्या वर्षी मी त्याला शाळेत बोलावले. तो जालन्याकडे माल घेऊन चालला होता. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन गाडी मैदानाच्या कडेला लावली, इंजिन बंद केले, चाकांना दगड लावले आणि मुलांना एकेक करून स्टेअरिंगवर बसवले. मग त्याने पहिलीतल्या एका मुलाला केबिनच्या डाव्या अंगाला, पुढच्या चाकाशी उभे केले आणि वर बसलेल्याला विचारले, दिसतो का? दिसत नव्हता. आणखी एक उभा केला. तोही दिसेना. असे करता करता डाव्या बाजूला आणि बंपरच्या पुढे मिळून अकरा मुले उभी राहिली, आणि वर बसलेली सातवीतली मुलगी मान वाकडी करकरून सांगत होती, "नाही गुरुजी, एकबी नाही दिसत."

मुलांनी टेप आणून ती जागा मोजली, चुन्याने आखली. रेषा पावसाळ्यापर्यंत मैदानात होती. घंटा झाली तसा तो उठला. संध्याकाळच्या आत जालन्याला गाडी रिकामी करायची होती. निघण्याआधी तो खाली उतरला, गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, टॉमीने सगळी टायरे ठोकून पाहिली, आणि मुले ओट्यावर चढल्याची खात्री करूनच त्याने इंजिन चालू केले.